दीर्घ पल्ल्याचे सायकलस्वार आणि वैद्याचे कर्तव्य

दिवाळी सरली, उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसू लागल्या आणि पहाटे धुके पडू लागले, की शिरूर-दौंड परिसरातील चिकित्सालयांत अलीकडे एका नव्या प्रकारचा रुग्ण येऊ लागला आहे. त्याला रुग्ण म्हणावे की नाही, हाच पहिला प्रश्न. त्याला ज्वर नाही, कास नाही, अग्निमांद्य नाही. तो तिशी-चाळिशीतला असतो. कोणी रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, कोणी शिक्षक असतो, कोणी दुकानदार. समोर बसून तो म्हणतो, "डॉक्टर, पुढच्या रविवारी दोनशे किलोमीटरची सायकल आहे. स्टॅमिना टिकेल असं काहीतरी द्या."

हीच मागणी आमच्या औषधविक्रेत्या बांधवांच्या दुकानातही होते, आणि तेथे तर नाडी पाहणारेही कोणी नसते. काउंटरवर अश्वगंधा, शिलाजित, एखादा अवलेह किंवा बलवर्धक कॅप्सूल ठेवली जाते, पैसे घेतले जातात आणि ग्राहक समाधानाने जातो. या व्यवहारात आपले काही चुकते का, याचा विचार आपल्या संघटनेच्या व्यासपीठावर व्हावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. दीर्घ पल्ल्याच्या सायकलीची तयारी ही औषधाची बाब नसून क्रमाची बाब आहे. आणि ज्याने क्रम पाळलेला नाही त्याला शेवटच्या आठवड्यात औषध देणे हे त्याचे हित नव्हे.

हा उपक्रम आहे तरी काय?

ज्या बंधू-भगिनींना या उपक्रमाची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॅरिस येथील ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेच्या नियमांनुसार जगभर 'ब्रेव्हे' नावाचे सायकल उपक्रम होतात. भारतात ते ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स या संस्थेच्या छत्राखाली होतात आणि पुणे हे त्यांचे एक जुने केंद्र आहे. ही शर्यत नव्हे. येथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरावीक अंतर ठरावीक वेळेत पूर्ण करावयाचे असते. दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तीनशेसाठी वीस तास, चारशेसाठी सत्तावीस तास आणि सहाशेसाठी चाळीस तास अशी मर्यादा आहे. वाटेत नियंत्रण-ठिकाणे असतात व तेथे नोंद करून पुढे जावे लागते. दोन ठिकाणांच्या मध्ये स्वाराने स्वतःची काळजी स्वतः घ्यावयाची, पंक्चरही स्वतः काढावयाचे. सोबतच्या मोटारीची मदत चालत नाही. एकाच हंगामात ही चारही अंतरे पूर्ण करणाऱ्यास 'सुपर रँडोनर' म्हणतात. दर चार वर्षांनी भरणाऱ्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या सुमारे बाराशे किलोमीटरच्या उपक्रमासाठी त्याच वर्षी ही चारही अंतरे पूर्ण केलेली असावी लागतात. तो २०१९ मध्ये झाला, २०२३ मध्ये झाला, आणि त्यापुढील वर्ष २०२७ हे आहे.

पुण्याहून पूर्वेकडे जाणारे दोन सपाट व मोठे रस्ते आपल्याच तालुक्यांतून जातात. एक शिक्रापूर-रांजणगाववरून शिरूरला येतो व घोड नदी ओलांडून अहिल्यानगरकडे जातो. दुसरा यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभवरून सोलापूरकडे जातो. दोहोंना जोडणारा शिरूर–न्हावरे–चौफुला रस्ता आहे. रांजणगावचा गणपती आणि दौंडजवळ भीमेपलीकडचा सिद्धटेक यांमुळे अष्टविनायकाची सायकलयात्रा करणारेही येथूनच जातात. आषाढीच्या निमित्ताने सायकलवरून पंढरपूरला जाणाऱ्यांचीही हीच वाट आहे. जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर' ही अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत जिल्ह्यात झाली. तेव्हा हा प्रश्न केवळ शहरातील हौशी मंडळींचा राहिलेला नाही. तो आपल्या दारात उभा आहे.

आमचीच एक चूक

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी आपली चूक सांगणे उचित होय. काही वर्षांपूर्वी दौंडकडील एक तरुण आमच्याकडे आला. नोकरी पाळीची, झोप अनियमित, मलावष्टंभाची जुनी तक्रार. पहिला ब्रेव्हे चार दिवसांवर. सराव किती केला, असे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही. कोष्ठशुद्धी झाली म्हणजे अंग हलके होईल, अशा विचाराने आम्ही तीन रात्री घेण्यासाठी हरीतकीयुक्त अनुलोमन दिले आणि जोडीला एक बल्य अवलेह. दोन्ही औषधे निर्दोष, नामांकित, ग्रंथोक्त.

व्हायचे तेच झाले. उपक्रमाच्या पहाटे त्याला तीन वेळा द्रवमलप्रवृत्ती झाली. तरीही तो निघाला, कारण महिनाभर आधी नाव नोंदविले होते आणि घरी-दारी सर्वांना सांगून ठेवले होते. ऊन चढल्यावर पिंडिकोद्वेष्टन सुरू झाले. वाटेत त्याने वेदनाशामक गोळी घेतली, नुसते पाणी पीत राहिला, आणि चौफुल्याच्या अलीकडे भ्रम येऊन रस्त्याच्या कडेला बसला. सोबतच्या स्वारांनी त्याला सावलीत घेतले म्हणून निभावले. रात्री त्याला शिरेवाटे द्रव द्यावे लागले. चार दिवसांनी तो आमच्याकडे आला, तेव्हा रागावलेला नव्हता. एवढेच म्हणाला, "औषध चांगलं होतं हो डॉक्टर. त्या दिवशी नको होतं."

हे वाक्य आम्ही विसरू शकलेलो नाही. काल हा औषधयोजनेचा प्राण आहे, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. आम्ही द्रव्य पाहिले, कोष्ठ पाहिला, पण काल पाहिला नाही. अतिश्रमापूर्वी शरीरातील द्रवधातूचा क्षय घडविणारी योजना आम्ही केली, आणि ती करताना आपण काही चुकतो आहोत अशी शंकाही आम्हांस आली नाही.

शास्त्र काय सांगते?

या विषयावर आपल्या संहितांत पुष्कळ आहे, फक्त ते चूर्णांच्या यादीत नाही. पहिली गोष्ट अर्धशक्ती व्यायामाची. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्याने शीत ऋतूत व वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंत व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, असे वाग्भट सांगतात. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे आणि मुखशोष होणे ही अर्धशक्तीची लक्षणे सांगितली आहेत. आधुनिक प्रशिक्षक सांगतात की सायकल चालवीत असताना पूर्ण वाक्य न धापता बोलता आले पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच अनुभवातून आल्या आहेत.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावा लागतो. तेरा तास सायकल चालविणे हे अर्धशक्तीत कसे बसावे? आमचे उत्तर असे, की अर्धशक्ती हे अंतराचे माप नसून त्या व्यक्तीच्या बलाचे प्रमाण आहे. ज्याचे बल अभ्यासाने वाढले आहे, तो ताशी अठरा-वीस किलोमीटरच्या संथ गतीने दिवसाचा बराच भाग त्या मर्यादेत राहू शकतो. ज्याने अभ्यास केला नाही त्याची मर्यादा चाळिसाव्या किलोमीटरलाच ओलांडली जाते. तरीही संपूर्ण दिवसाचा विचार केला तर हा उपक्रम अतियोगाच्या सीमेवरचा आहे, हे मान्य केले पाहिजे. तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, ज्वर, छर्दी ही अतिव्यायामाची लक्षणे चरकांनी सांगितली आहेत. व्यायाम, प्रवास, रात्रिजागरण यांचे अतिसेवन करणारा, हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, असा दृष्टान्तही दिला आहे. म्हणून हा उपक्रम दिनचर्या म्हणून सांगू नये. तो हंगामातील एखादा प्रसंग आहे आणि त्याच्या आधी तयारी व नंतर विश्रांती हवी.

दुसरी गोष्ट पादांशिक क्रमाची, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची. अहितकर सवय सोडताना व हितकर सवय लावताना चतुर्थांशाच्या मात्रेने, मध्ये दिवसांचे अंतर ठेवून जावे, असे चरक सांगतात. आपण हा क्रम चहा-तंबाखू सोडविताना सांगतो. मात्र सायकलस्वाराचा सराव हा पादांशिक क्रमच आहे, आणि तो समजावून सांगण्याचा अधिकार आपल्याइतका कोणाला असेल?

जो सहज वीस-पंचवीस किलोमीटर चालवितो, त्याला दोनशेसाठी किमान बारा आठवडे हवेत. आम्ही हल्ली पुढीलप्रमाणे सांगतो. आठवड्यातून दोन दिवस तास-दीड तास व रविवारी एक लांब फेरी. रविवारची फेरी पहिल्या महिन्यात ४०, ५०, ६० आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा ४५ किलोमीटर. दुसऱ्या महिन्यात ७०, ८५, १०० आणि पुन्हा ७०. तिसऱ्या महिन्यात १२०, १५०, मग ६० ची हलकी फेरी आणि त्यानंतर उपक्रम. चौथ्या आठवड्यातील माघार ही आळशीपणा नव्हे. धातूंना पोषण मिळण्याचा तो काळ आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उपक्रम असेल तर सराव शरद ऋतूत सुरू करावा लागतो. ऑक्टोबरच्या उन्हात पित्तप्रकोप होतो, म्हणून फेरी सूर्योदयापूर्वी सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावी. आपल्या पर्जन्यछायेच्या तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत हा खटाटोप करूच नये.

तिसरी गोष्ट वेगधारणाची. तेरा अधारणीय वेगांत मूत्र, मल, तृष्णा, क्षुधा, निद्रा आणि श्रमश्वास हे सहा वेग तर सायकलस्वार हमखास अडवितो. वेळ जाईल म्हणून तो मूत्रवेग धरतो, गटात मागे पडू नये म्हणून श्रमश्वास दाबतो, आणि चारशे-सहाशेच्या अंतरात निद्रा. झोपेच्या वेगाने डोळे मिटत असताना सायकल चालविणे आपल्या रस्त्यावर किती भयंकर आहे, हे वेगळे सांगावयास नको. गळीत हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. ज्याला झोप आवरत नाही त्याने सुरक्षित जागी उतरून झोपावे आणि वेळ गेली तर जाऊ द्यावी, हा सल्ला वैद्याने स्पष्ट शब्दांत द्यावा.

दुखणे मोजण्याआधी सीट मोजा

सरावाच्या काळात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या आहेत: गुडघेदुखी, कटिशूल, मानेचा जखडलेपणा, हातांच्या बोटांची बधिरता आणि बसण्याच्या जागी घर्षणाने होणारे व्रण. या तक्रारी वातव्याधीच्या कप्प्यात टाकून गुग्गुळाचे कल्प व जानुबस्ती सुरू करण्याचा मोह आपल्याला होतो. आम्हीही ते केले आहे. पण गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखत असेल तर बहुधा सीट खाली असते, मागच्या बाजूस दुखत असेल तर ती जास्त वर असते. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. करंगळी व अनामिका बधिर होत असतील तर शरीराचा भार हँडलवर येऊन तळहातातील नाडी दाबली जात असते. निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा, हे सूत्र येथे पान्याने अंमलात येते. एका शिक्षकाची तीन आठवड्यांची गुडघेदुखी सीट बोटभर वर घेताच आठ दिवसांत थांबली. आमचे औषध त्यापूर्वीच संपले होते, हे येथे नमूद करतो.

मग आपल्या शास्त्राला काही वाव आहे की नाही? भरपूर आहे. सरावाच्या काळात तिळतेलाचा नित्य अभ्यंग, विशेषतः कटी, जानू व पिंडिकांना, हा श्रमहर उपाय आहे आणि तो स्वस्तही आहे. घर्षणाच्या जागी शतधौत घृत चांगले लागू पडते. व्रण झाल्यास जात्यादि कल्प आहेतच. मात्र व्रण भरेपर्यंत सायकल बंद. रसायनकल्प द्यावयाचेच असतील तर अग्नी पाहून तयारीच्या आरंभी द्यावेत. अश्वगंधेवर निरोगी व्यक्तींमध्ये दमश्वास व बल यांसंबंधी झालेले छोटे अभ्यास आठ-बारा आठवडे रोज सेवन करवून केलेले आहेत. चार दिवसांत स्टॅमिना वाढतो, असे त्यांतून मुळीच निघत नाही. शिवाय थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यास किंवा यकृताची तक्रार असणाऱ्यास ती विचारपूर्वकच द्यावी.

आहार, पाणी आणि मीठ

स्वारीच्या दिवशी पोटात काय जाते यावर निम्मे यश अवलंबून असते. निघण्यापूर्वी दोन-अडीच तास आधी उष्ण, स्निग्ध, लघु असे अन्न मात्रेत घ्यावे. मऊ भात-तूप किंवा उपमा चालतो. वाटेत दर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावेत असे क्रीडापोषणशास्त्र सांगते. त्यासाठी परदेशी पाकिटांची गरज नाही. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम मिळतात. राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा हे सर्व खिशात मावते. दौंड तालुक्यात तर गुऱ्हाळे आहेत. गुळाचा खडा आणि घोटभर पाणी हे आपल्या शेतकऱ्याचे जुनेच श्रमहर पथ्य आहे. ढाब्यावरील मिसळ व तळलेले पदार्थ मात्र स्वारी संपल्यावर.

पाण्याच्या बाबतीत दोन टोकांच्या चुका होतात. काही जण पीत नाहीत. काही जण नुसते पाणी इतके पितात की घामाबरोबर गेलेले लवण भरून निघत नाही; मग शिरःशूल, हृल्लास, भ्रम येतो आणि ते आणखी पाणी पितात. तहानेप्रमाणे प्यावे, पण त्यात मीठ असावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण सर्वांना पाठ असले पाहिजे. कोकम किंवा चिंचेचे पानक सैंधव घालून केले तर तेही उत्तम, मात्र सरावात पिऊन पाहिलेले असावे.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो. घामाने द्रवक्षय झालेला असताना डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेणे वृक्कांना घातक ठरू शकते. औषधविक्रेत्यांनी सायकलवरून उतरलेल्या, घामाने निथळणाऱ्या माणसाला अशी गोळी देण्यापूर्वी त्याला पाणी, मीठ व सावली द्यावी.

कोणाला थांबवावे?

चाळिशी ओलांडलेला, रक्तदाब किंवा प्रमेह असलेला, घराण्यात हृद्रोग असलेला, अथवा जिना चढताना छातीत भरून येणारा माणूस सल्ल्यास आला तर नाडीपरीक्षणावर थांबू नये. रक्तदाब मोजावा, रक्तशर्करा व ईसीजी करून घ्यावा आणि गरज दिसल्यास हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे. यात आपल्या शास्त्राचा काही उणेपणा नाही. इन्सुलिन किंवा शर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास दीर्घ श्रमात शर्करा एकाएकी घसरण्याचा धोका असतो; त्यात आपला एखादा मधुमेहनाशक कल्प नव्याने जोडणे म्हणजे धोका वाढविणे. महिला स्वारांना अडवू नये, पण पांडुता दिसल्यास हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय बल्य औषध देऊ नये. ज्याला नुकताच ज्वर येऊन गेला आहे त्याने बल परत येईपर्यंत व्यायाम करू नये, ही चरकांची आज्ञा आहे. 'तीन दिवसांपूर्वीच ताप उतरला, आता ठीक आहे' असे सांगणाऱ्यास सरळ नाही म्हणावे.

काउंटरवरील जबाबदारी

स्पर्धात्मक सायकलिंग करणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत आणखी एक काळजी आहे. राष्ट्रीय उत्तेजकद्रव्यविरोधी कायदा २०२२ मध्ये झाला आहे. जागतिक निषिद्ध यादीत स्ट्रिक्निन आहे, म्हणजे कुपीलुयुक्त अग्नितुंडी वटी किंवा विषतिंदुक वटी खेळाडूस अडचणीत आणू शकते. इफेड्रिन ठरावीक प्रमाणापुढे निषिद्ध आहे व ते सोम वनस्पतीत असते. भांगेचे कल्प स्पर्धेच्या काळात चालत नाहीत. हिजेनामाईन हे द्रव्यही यादीत आहे. टिनोस्पोरा क्रिस्पा या वनस्पतीत ते असते. आपली गुडूची ती नव्हे, पण दिसावयास सारखी असल्याने बाजारात ही भेसळ होते. २०२१ नंतर यकृतविकाराच्या चर्चेत हाच मुद्दा पुढे आला होता. शुष्क गुळवेल कोणाकडून घेतो याची खात्री औषधनिर्मात्यांनी व विक्रेत्यांनी करून घेतली पाहिजे. बिनलेबलच्या 'सांधेदुखीच्या पुड्यां'बद्दल तर बोलावयासच नको. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते आणि बदनामी मात्र संपूर्ण आयुर्वेदाची होते. शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी नियमाने खेळाडूवरच असते. 'वैद्यांनी दिले होते' हे सांगून त्याची सुटका होत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. स्टॅमिनाचे औषध मागणाऱ्या प्रत्येक ग्राहकास चार प्रश्न विचारावेत. उपक्रम किती दिवसांवर आहे? आजवर एका दमात सर्वांत जास्त किती अंतर चालविले आहे? कोणती औषधे सुरू आहेत? उत्तेजकद्रव्य चाचणी होणाऱ्या स्पर्धेत भाग घेता का? उपक्रम पंधरा दिवसांच्या आत असेल तर नवे औषध, नवे रसायन, नवे अनुलोमन काहीही देऊ नये. पूर्वीपासून चालू असलेले व सात्म्य झालेले औषध तेवढे चालू ठेवावे. सर्वांत जास्त अंतर शंभराच्या आत असेल तर दोनशेचा उपक्रम पुढच्या महिन्यावर ढकलण्यास सांगावे. एका ग्राहकाला रिकाम्या हाती पाठविल्याने दुकानाचे दिवाळे निघत नाही; उलट तो पुढील हंगामात तीन महिने आधी येतो, हा आमचा अनुभव आहे.

संघटनेच्या तालुका शाखांनी शरद ऋतूच्या आरंभी सायकलस्वारांसाठी एक तपासणी शिबिर घ्यावे. त्यात रक्तदाब, रक्तशर्करा, हिमोग्लोबिन पाहावे, आणि बाहेर एखाद्या सायकल दुरुस्ती करणाऱ्या कारागिरास बसवून सीटची उंचीही पाहावी. शिबिरात औषधविक्री ठेवू नये. बारा आठवड्यांचा क्रम व मीठ-साखरेचे प्रमाण छापलेला एक कागद हातात द्यावा, एवढे पुरे.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने, आणि डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने, अमेरिकेची सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. हे सर्व डॉक्टर आहेत. एवढे अंतर दीर्घकाळाच्या नियमित सरावाशिवाय कोणाच्याही आवाक्यात येत नाही, हे त्यांच्याकडे पाहून आपल्या रुग्णांना सांगता येते.

दौंडचा तो तरुण पुढील वर्षी ऑगस्टमध्ये आला. आम्ही त्याला औषध दिले नाही. वहीत बारा रविवार लिहून दिले, तेलाचा अभ्यंग सांगितला आणि पाळी बदलेल त्या आठवड्यात फेरी निम्मी करण्यास सांगितले. नोव्हेंबरात त्याने साडेबारा तासांत दोनशे किलोमीटर पूर्ण केले. संध्याकाळी त्याचा दूरध्वनी आला, तेव्हा तो जेवत होता आणि बोलणे मध्येच थांबवून भात मागून घेत होता. क्षुधा उत्तम, स्वर स्वच्छ, श्वास संथ. वैद्याला याहून अधिक काय हवे?